लिफ्टमधली यादी

लिफ्टचं दार बंद झालं आणि समोर धनश्रीचं अक्षर. खरं म्हणजे झालं एवढंच. सुप्याची पहिली पाळी करून कंपनीच्या बसने केडगावला उतरलो होतो, खांद्याला डब्याची पिशवी, डोक्यात फक्त चहा. आणि आरशाशेजारी, जिथे एरवी पाणी कधी येणार नाही ते लावतात, तिथे चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेला कागद. 'घरातल्या या वस्तूंपासून आपली मांजरं-कुत्री सांभाळा.' खाली एक ते दहा. उंदराचं औषध, डांबराच्या गोळ्या, चॉकलेट, कांदा-लसूण, द्राक्षं आणि मनुके, माणसांच्या तापाच्या गोळ्या, लिलीची फुलं, सुई-दोरा, वॉशिंग मशीनचं उघडं दार. हे सगळं दोन नंबरपासून. एक नंबरला फिनेल, आणि त्याच्यापुढे लाल शाईने, 'आमची खारी यानेच गेली.' पोरीने खारीच्या नावाखाली दोनदा रेघ मारली होती. अगदी तळाला बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'यात काही राहिलं असेल तर फ्लॅट ३०३ मध्ये सांगा.' ३०३ म्हणजे आमचंच घर. जे राहिलं होतं ते त्याच घरात राहतं, तिच्या शेजारच्या खोलीत झोपतं आणि सकाळी तिच्याआधी आंघोळीला जातं.

शबनम आत आलेली मला कळलीच नव्हती. आमच्या वरच्या मजल्यावर राहते, उर्दू शाळेत शिकवते, नवरा कादर टेम्पो चालवतो. तिनेही यादी वाचली आणि तुमच्या लेकीने फार चांगलं काम केलं हो भाऊ, असं म्हणाली. तिच्याकडे एक पांढरी गुबगुबीत मांजर आहे, नाव शहजादी, आणि वागतेही तशीच. मग शबनमने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, "तुम्हाला जनावरांतलं कळतं म्हणून विचारते भाऊ. शहजादीच्या कानामागे गोचीड झालेत. माझे दीर कोल्हारला शेळ्या पाळतात, त्यांच्याकडचं औषध यांनी आणून ठेवलंय. तेच लावू ना?" मी 'हूं' केलं. त्या 'हूं'चा अर्थ हो होतो, नाही होतो, बघू होतो, ऐकलं एवढाही होतो. तिने हो धरला. तिसरा मजला आला, मी बाहेर पडलो, आणि दार लागता लागता ती म्हणाली, की मग असरची, दुपारनंतरची, नमाज झाली की लावतेच.

दार धनश्रीनेच उघडलं. अकरावीला आहे, सायन्स. एरवी आमचं रोज एक तरी भांडण ठरलेलं, पण खारी गेल्यापासून अठरा दिवसांत तिने माझ्याशी आवाज चढवलेला नाही. उलट फार चांगली वागते. चहा करते, माझे बूट जागेवर ठेवते, आणि तेच मला सोसत नाही. यादी बघितली का, असं तिने विचारलं. बघितली म्हटलं. काही राहिलंय का, तर नाही म्हटलं, छान झालीय. इतक्या सहज म्हटलं की माझी मलाच शिसारी आली. चहाचा कप घेऊन मी ड्राय बाल्कनीत जाऊन बसलो, जिथे भांडी घासायचं सिंक आहे आणि कोपऱ्यात फरशी पुसायचं फडकं वाळत असतं. घरात एवढी जागा असताना मी रोज इथेच का येऊन बसतो, हे बायकोने, पूजाने, एकदा विचारलं होतं. वारं चांगलं येतं, असं मी सांगितलं. इथे वारं अजिबात येत नाही.

मला जनावरांतलं कळतं, ही आवई कोणी उठवली? मीच. माझे वडील छगन घोडेगावच्या बाजारात दलाल होते. बैलाच्या जबड्यात अंगठा घालून वय सांगायचे, गाय चार पावलं चालली की ती कितव्या वेताची ते बोलून मोकळे. सौदा व्हायचा तो रुमालाखाली. दोघांचे हात रुमालाखाली, बोटं दाबून भाव, भोवती पन्नास माणसं उभी पण कोणाला काही कळायचं नाही. तोंडाने फक्त 'हूं'. मी लहानपणी त्या रुमालाकडे बघत बसायचो, आत काहीतरी जिवंत असल्यासारखा तो हलायचा. आमच्या घरात तोंडाने बोलायची सवय तशी नव्हतीच. माझं लग्न ठरलं हेसुद्धा मला तिसऱ्या दिवशी चुलत्याकडून कळलं. तर वडिलांचं ते सगळं माझ्यात आलंय, असं मी स्वतःच ठरवून टाकलं. सोसायटीत कोणाचं कुत्रं लंगडायला लागलं की लोक म्हणायचे, आदिनाथभाऊंना विचारा, आणि आदिनाथभाऊ खाली बसून त्या कुत्र्याचा पाय दाबून मान हलवायचे. वीस वर्षांत गाईच्या पाठीवर हात ठेवलेला नाही अशा माणसाची ही ऐट. कंपनीत मी स्टोअरला आहे. आलेल्या ड्रमांची लेबलं तपासतो. लेबल नसेल तर ड्रम गेटच्या आत घ्यायचा नाही, हे मी नव्या माणसांना इतकं दरडावून सांगतो की माझ्यामागे ते माझी नक्कल करतात.

आणि हाच माणूस गावाहून केसांच्या तेलाच्या रिकाम्या बाटलीत, लेबल न लावता, गोचिडाचं औषध घेऊन आला. खारीच्या मानेवर दोन गोचीड दिसले होते. ही मांजर बेकरीच्या मागे खारीच्या खोक्यात सापडली म्हणून तिचं नाव खारी, रंगही तसाच, खरपूस. मी घरी आलो की माझ्या बुटांवर येऊन बसायची, बूट काढू द्यायची नाही. धनश्री म्हणाली होती की रविवारी डॉक्टरांकडे नेऊ. मी म्हटलं, दोन गोचिडांसाठी डॉक्टर? आपल्याकडे गोठाभर जनावरांचे गोचीड एका सकाळी निघतात. त्यावर ती म्हणाली, "पप्पा, ती गाय नाहीये." हसली होती म्हणताना. मीही हसलो, पण ते मला लागलं. एवढ्याशा पोरीने, छगनच्या नातीने, मला शिकवावं. तिथेच मी मनात ठरवलं की रविवारच्या आत गोचीड काढून दाखवायचे.

त्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी होती. दगडाबाई फरशी पुसून दहाला गेली, पूजा पतसंस्थेत, धनश्री कॉलेजला. थोरल्या भावाने सांगितलेलं मला चांगलं आठवत होतं, बादलीभर पाण्यात झाकणभर. पण एवढ्याशा जिवाला बादली कशाला, म्हणून मी कापूस भिजवला आणि तसाच चोळला. खारीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. टॉवेलाखाली माझी बोटं तिच्या मानेवरून फिरत होती आणि ती घुरघुरत होती, तिला वाटलं मी लाड करतोय. करतच होतो की. ते खोटं नाही. लाड आणि ऐट दोन्ही एकाच हातात होतं, आणि तो हात मी आता कसाही धुतला तरी मला त्याला तो रॉकेलसारखा उग्र वास येतो. दोनच्या सुमाराला तिचे कान फडफडायला लागले. मग पाय. मग ती स्टुलावरून पडली आणि उठताच येईना, तोंडातून लाळेची तार. मला कळलं. लगेच कळलं, हे मी इथे स्वतःशी तरी कबूल करतो. मी ओल्या फडक्याने तिची मान पुसली, बाटली गच्चीवर नेऊन पाण्याच्या टाकीमागे ठेवली आणि खाली येऊन धनश्रीला फोन केला, की बघ गं, खारीला काहीतरी होतंय. आधी बाटली लपवली आणि मग फोन केला. हा क्रम मला विसरता येत नाही.

पूजा आली ती दारातच नाकाला पदर लावून म्हणाली, की केवढा हा वास, दगडाबाईने फिनेल ओतलं की काय फरशीवर. मी म्हणालो, असेल. तीन अक्षरं. त्या तीन अक्षरांवर सगळं घर जाऊन बसलं. दवाखान्यात डॉक्टर तरुण होता, शांत. त्याने खारीच्या बुबुळांत बॅटरी मारली, पूजाचं फिनेलचं ऐकून घेतलं, तरी वळून मलाच विचारलं, की अंगाला काही लावलंय का, गोचिडा-पिसवांचं काही? धनश्रीने खारीला ओढणीत धरलं होतं आणि ती माझ्याकडे बघत होती. मी नाही म्हणालो. नक्की ना, असं त्याने परत विचारलं. तेव्हा मी म्हणालो, "आमच्या घरात तसलं काही आणतच नाही आम्ही." नुसत्या 'नाही'वर माझं भागलं नाही, वर ही झालर लावली. त्याने पंजे धुतले, इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी साडेदहाला खारीने धनश्रीच्या मांडीवर जीव सोडला. चार दिवसांनी कंपनीच्या कँटीनमध्ये मी मोबाईलवर शोधलं. माणसाने किती उशिरा शोधावं. लिहिलं होतं की औषध अंगाला लागलं असेल तर मांजरीला लगेच कोमट पाण्याने, भांडी घासायच्या साबणाने धुवा आणि डॉक्टरांना औषधाचं नाव सांगा. भांडी घासायचा साबण. मी आता जिथे बसलोय तिथून हात लांब केला तरी तो हाताला लागतो, हिरव्या डबीत, तारेच्या घासणीखाली. ती वाचलीच असती असं कोण सांगणार? पण तिला वाचवायचं एक काम माझ्या हातात होतं आणि ते मी केलं नाही.

दगडाबाई तिसऱ्या दिवशी नेहमीसारखी कामाला आली. पूजाने तिला दारातच थांबवलं. मी खुर्चीत पेपर घेऊन बसलो होतो. पूजा एरवी कोणाला टाकून बोलणारी नाही, पण लेकीचे सुजलेले डोळे बघून तिचा तोल गेला होता. दगडाबाई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, की ताई, फिनेल तर संपलं हुतं की, मी नुसत्या पान्यानं पुसलं, तुमाला आनायला सांगितलं बी हुतं. आतून धनश्री ओरडली, की खोटं बोलू नका. माझी धनश्री, जिने आजवर माझ्याशिवाय कोणा मोठ्या माणसाला उलटून उत्तर दिलेलं नाही. तेव्हा दगडाबाई माझ्याकडे वळली.

"दादा, तुमी तर घरीच हुता त्या दिशी," ती म्हणाली.

मी पेपरचं पान उलटलं. त्या पानावर शेअर बाजार होता, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी मी तो मन लावून वाचला. तिने चपला घातल्या आणि ती गेली. सोसायटीच्या ग्रुपवर बातमी आधीच गेली होती. आठवड्याच्या आत आमच्या बिल्डिंगमधली तिची तिन्ही घरं सुटली, असं पूजानेच सांगितलं, आणि सांगताना तिलाही बरं वाटलेलं दिसलं नाही. मी 'हूं' म्हणालो. वडिलांच्या रुमालाखालून निघालेला तो 'हूं' मी किती ठिकाणी वापरतो.

चहावर साय धरली होती. रस्त्यापलीकडच्या मशिदीतून अजान सुरू झाली. असर. वरच्या मजल्यावर शबनम आता हात-पाय धुऊन वजू करेल, नमाज पढेल, आणि मग जानमाजची चटई घडी घालून ठेवून शहजादीला मांडीवर घेईल. मी मनाशी म्हणालो, शेळीचं औषध वेगळं असेल. सौम्य असेल. मग म्हणालो, ती पाणी घालून लावेल, शिकलेली बाई आहे. मग म्हणालो, फोन करून नुसतं एवढंच सांगू की डॉक्टरांना विचारा. पण ती का म्हणून विचारेल. शिक्षिका आहे, 'का' विचारल्याशिवाय सोडणार नाही. आणि त्या 'का'चं उत्तर जिना उतरून तिसऱ्या मजल्यावर येईल. अजान संपली. मला माझ्या भित्रेपणाचा इतका राग आला की कप सिंकमध्ये आपटला गेला आणि त्याचा कान तुटला. धनश्रीने आतून काय झालं म्हणून विचारलं. वर जाऊन येतो, असं सांगून मी तसाच अनवाणी निघालो. लिफ्टची वाट बघितली नाही.

शबनमने दार उघडलं तेव्हा तिच्या डोक्यावर अजून ओढणी घट्ट गुंडाळलेली होती. आत सोफ्यावर शहजादी टॉवेलात, फक्त तोंड बाहेर, वैतागलेलं. स्टुलावर वाटी, कापूस आणि पाण्याची एक जुनी बाटली, लेबल नसलेली. झाकण उघडं होतं. तोच वास. मी दाराची चौकट धरली. लावलं का, एवढंच मला विचारता आलं. आता लावणारच होते, म्हणाली. मी आत गेलो, न विचारता, बाटलीचं झाकण लावलं आणि बाटली हातात धरून ठेवली.

"लावू नका. खारी यानेच गेली. फिनेलने नाही. मी लावलं होतं."

बोलून झालं. इतकं थोडं होतं ते. अठरा दिवस मी ते उरात घेऊन सुप्याला जात-येत होतो आणि ते बोलायला एक श्वासही पुरला. शबनमने शहजादीला टॉवेलातून सोडवलं, ती पलंगाखाली पळाली. मग शबनमने जे विचारलं ते मांजरीबद्दल नव्हतं. तिने विचारलं, मग ती दगडाबाई? आणि लगेच ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, की मीही काढलं हो तिला, भाऊ, तुमच्या घरचं ऐकून काढलं. तिच्या बोलण्यात माझ्याबद्दल राग नव्हता, तो मला चालला असता. ती स्वतःवरच नाराज झाली होती, माझ्यापायी.

खाली उतरताना मी लिफ्ट बोलावली, यादीच्या चिकटपट्ट्या नखाने सोडवल्या आणि कागद घेऊन घरी आलो. धनश्री टेबलाशी बसली होती. मी कागद तिच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, यात एक राहिलंय. तिने लगेच पेन उघडलं. काय, असं तिने उत्साहाने विचारलं, आणि तो उत्साह बघून मला वाटलं, पळून जावं. मी सांगितलं. कापूस, टॉवेल, बाटली, गच्ची, सगळं, क्रमाने, बाटली आधी आणि फोन नंतर हेसुद्धा. ती लिहीत गेली नाही. पेन हातात तसंच राहिलं आणि शाईचा एक ठिपका कागदावर मोठा होत गेला.

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तिथेच होते," ती म्हणाली. "तुम्ही माझ्याकडे बघून नाही म्हणालात."

मी हो म्हटलं. ती रडेल असं मला वाटलं होतं, ती रडली नाही. तिने एक नंबरचं लाल शाईचं वाक्य खोडलं, पट्टी लावून, नीट, कारण तिला वेडंवाकडं खोडलेलं आवडत नाही. खाली अकरा लिहिलं आणि त्याच्यापुढे, 'गुरांचं गोचिडाचं औषध. मांजरीला कधीही लावू नका. लागलंच तर साबणाने लगेच धुवा आणि डॉक्टरांना खरं सांगा.' मग कागद फिरवून माझ्याकडे सरकवला. हे लावून खारी कोणी घालवली ते तुम्ही तुमच्या हाताने लिहा, म्हणाली. मी लिहिलं. नाव, आडनाव, फ्लॅट नंबर. माझं अक्षर तिच्याइतकं चांगलं नाही. मी म्हटलं, आपण दगडाबाईकडे जाऊन येऊ. तर ती म्हणाली, "मी तुमच्याबरोबर येणार नाही. मी त्यांना खोटारडी म्हटलं होतं. माझं मी वेगळं जाऊन सांगेन." आणि तिच्या खोलीचं दार लावून घेतलं, न आपटता. सोळा वर्षांच्या मुलीला मी माझ्या गुन्ह्यात ओढलं होतं आणि त्याची तिला आता वेगळी माफी मागायची होती. हे त्या यादीत कुठे लिहिणार?

पूजाला यायला अजून तासभर होता. यादी परत लिफ्टमध्ये लावली. पहिल्या मजल्यावरचे बिभीषणराव दूध आणायला निघताना आत आले, चष्मा वर करून वाचायला लागले, आणि ते अकराव्या ओळीपर्यंत पोचायच्या आत लिफ्ट खाली आली हे माझं नशीब म्हणायचं. उद्या वाचतील. सगळेच वाचतील. मी रेल्वे लाइनीच्या बाजूच्या खोल्यांकडे चालत गेलो. दगडाबाई दारात बसून मेथी निवडत होती. मला बघून तिने पदर नीट केला, पण उठली नाही. मी उभ्यानेच सांगितलं. तिसऱ्यांदा सांगत होतो तरी सोपं गेलं नाही, कारण इथे ते पेपरचं उलटलेलं पानही सांगायचं होतं. ती ऐकताना मेथीच्या काड्या मोडत राहिली. पूजाही येईल सांगायला, कामावर परत या, असंही मी म्हणालो, आणि म्हणतानाच ते किती उथळ आहे ते कळलं. ती म्हणाली की तुमच्या घरी न्हाई येनार दादा, आता भरोसा न्हाई बसायचा, बाकीच्या घरांचं बगू. मला खाली बसा असं ती म्हणाली नाही. मी जायला वळलो तेव्हा तिने हाक मारली.

"दादा, त्या मांजरीला लई तरास झाला का वो?"

अठरा दिवसांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. माझ्या तोंडात लहानपणची बोली आली, घरात मी कधी बोलत नाही ती.

"लई," मी म्हणालो.